ड्राय डेला तुम्ही कुठे असता?

दोन ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी पुण्याच्या चांदणी चौकातून पौडच्या दिशेने निघालेल्या गाड्यांच्या डिक्क्या उघडून पाहाव्यात. गांधीजयंतीची एवढी मनापासून तयारी आता काँग्रेसवालेही करत नसतील. बर्फाच्या पिशव्या, बिअरचे क्रेट, चखण्याचे पुडे, कोळसा. आणि प्रत्येक गाडीत एक जबाबदार माणूस असतोच, जो सगळ्यांना बजावत असतो, "उद्या ड्राय डे आहे, कमी पडता कामा नये." भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकून गाड्या मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात नाहीतर ताम्हिणीकडे पांगतात. दुसऱ्या दिवशी दुपारी धरणाच्या पाण्याकडे तोंड करून राष्ट्रपित्याला अभिवादन सुरू होतं.

त्याच दिवशी, तिथल्याच गावात, देवळापुढच्या मंडपात नाहीतर शाळेच्या वर्गात ग्रामसभा भरलेली असते. महाराष्ट्रात ग्रामसभांचे दिवस रिवाजाने ठरलेले आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यातले २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे हमखास ड्राय डे. म्हणजे सरकारने बिअरप्रेमी माणसाला वर्षातले निदान तीन दिवस असे काढून दिले आहेत, की दुकान बंद, कचेरीला सुट्टी आणि गावात सभा. पत्रिकेला हळदकुंकू लावून घरी आणून द्यायचं तेवढं बाकी ठेवलंय. तरी हा गडी त्या सभेला कधी दिसत नाही.

बोलतो मात्र भरपूर. गोव्यात बाटली केवढ्याला मिळते आणि आपल्याकडे केवढ्याला, हा हिशेब त्याला तोंडपाठ. दुकानात स्ट्राँगच का भरलेली असते, ताजी बिअर का मिळत नाही, फ्रीज नुसता दाखवायला का ठेवलाय, बार इतक्या लवकर का बंद करतात, या विषयांवर तो पहाटेपर्यंत बोलू शकतो. पुण्यात २००९ साली डूलालीची ब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून तर या मंडळींची जाणकारी अशी वाढली आहे, की विटबिअरमध्ये कोथिंबिरीचे धणे आहेत की संत्र्याची साल, हे एका घोटात सांगतात. फक्त एफएल/बीआर-दोन म्हणजे काय एवढं विचारू नका. मेट्रोच्या खांबाचा नंबर असेल म्हणतील. साहेब, तुमच्या कोपऱ्यावरच्या बिअर शॉपीचा परवाना आहे तो. तो कुणाला द्यायचा, कुठे द्यायचा, शाळेपासून किती लांब द्यायचा, हे ठरतं तेव्हा तुम्ही धरणावर असता.

आता वरच्या मजल्यावरची गोष्ट ऐका. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारला काळजी लागली, की महाराष्ट्रात बिअरचा खप घटतोय. मद्यार्काच्या प्रमाणात पाहिलं तर बिअरवरचा कर कडक दारूपेक्षा जड पडतो आणि दुसऱ्या काही राज्यांनी कर कमी केल्यावर महसूल उलट वाढला, अशी मांडणी झाली आणि अभ्यासगट नेमला गेला. पाच जणांचा. राज्य उत्पादन शुल्क खात्याचे अपर मुख्य सचिव अध्यक्ष, खात्याचे आयुक्त आणि अधिकारी, शिवाय बिअर बनवणाऱ्यांच्या अखिल भारतीय संघटनेचा एक प्रतिनिधी. बिअरचा अभ्यास करायला कर घेणारे होते, बाटली भरणारे होते. बाटली रिकामी करणारा एकही नव्हता. यावर विरोधकांनी टीका केली, संपादकीयं आली, बायकांच्या संघटनांनी जाब विचारला. बिअरप्रेमींनी काय केलं? ती बातमी एकमेकांना पाठवली आणि खाली हसरे चेहरे टाकले.

तुमची दखल घेतली नाही म्हणून रडू नका, कारण दखल घ्यायला समोर माणूस लागतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचं शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आलं. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर गेलं, पण त्या वाढीतून बिअर आणि वाइन वगळली. यातलं एकही पाऊल पिणाऱ्याने मागितलं म्हणून पडलेलं नाही. त्याच वर्षी १४ जुलैला करवाढीच्या निषेधार्थ बारमालकांनी राज्यभर बार बंद ठेवले. मालकांनी निदान एक दिवसाचा गल्ला सोडला. पिणाऱ्यांनी त्याही दिवसासाठी आदल्या दिवशी साठा करून ठेवला. ही जमात साठा करण्यात वाकबगार आहे, एवढं मान्य करायला हवं.

कायदा तुमच्याकडे कसा बघतो, हेही एकदा समजून घ्या. आपल्या राज्यात दारू पिण्याचा कायदा नाही, दारूबंदीचा आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. पुढे नुसतं नाव बदलून महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम झालं. या कायद्याखाली प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, तहहयात हजार. तो परवाना दिला जातो तो आरोग्याच्या रक्षणासाठी. विनोद मी करत नाही, नियमांनीच केलाय. म्हणजे मुळशीच्या रिसॉर्टवर तिसरा टिन फोडणारा तुमचा मित्र सरकारी दप्तरात औषध घेतोय. रोग्याला विचारून कुणी औषधाचं धोरण ठरवतं का? मग तक्रार कसली!

एका माणसाने मात्र विचारलं होतं. फ्राम नसरवानजी बलसारा. मुंबईचा पारशी. कायदा लागू झाल्यावर हा गृहस्थ थेट न्यायालयात गेला आणि व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन आणि वर ओ-द-कोलोन, हे सगळं बाळगायचा आणि वापरायचा हक्क मागून बसला. मे १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दारूबंदी बहुतांशी टिकली, औषधं आणि अत्तरपाण्यातला मद्यार्क सुटला. पण त्या निकालातला एक तुकडा आजच्या बिअरप्रेमींनी फ्रेम करून लावण्यासारखा आहे. मूळ कायद्यात मादक पदार्थाची नुसती तारीफ करणं हासुद्धा गुन्हा होता. ते कलम भाषणस्वातंत्र्याच्या आड येतं म्हणून न्यायालयाने ते रद्द केलं. म्हणजे आज तुम्ही ग्लास उजेडात धरून "काय बॉडी आहे!" म्हणता, ते बलसारांच्या जिवावर. त्यांनी मिळवलेलं बोलायचं स्वातंत्र्य आपण फेसाच्या वर्णनावर खर्च केलं. धोरणावर बोलायला काही शिल्लकच ठेवलं नाही.

आता मुळशीच्या पातळीवर उतरू. स्थानिक मद्यधोरणावर जनतेचं मत घ्यायची एक रीत महाराष्ट्रात आहे आणि ती इतकी थेट आहे, की परदेशातल्या अभ्यासकांनी येऊन पाहावी. आडवी बाटली आणि उभी बाटली. मार्च २००८ च्या शासन आदेशाने ती आखून दिली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी, नाहीतर एकूण मतदारांतल्या २५ टक्क्यांनी, दुकान बंद करायचा अर्ज करायचा. सह्या खऱ्या की खोट्या ते खातं तपासतं. मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर चित्रं दोनच. बाटली उभी म्हणजे दुकान चालू, बाटली आडवी म्हणजे दुकान बंद. शिकलेल्या-न शिकलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. साताऱ्याच्या जावळी तालुक्यात बायकांनी अशाच बाटल्या आडव्या केल्या.

यातली मेख आकड्यात आहे. बाटली आडवी व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागतात ती झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून नव्हे, एकूण मतदारांच्या. समजा, गावात हजार बायका मतदार आहेत. सहाशे आल्या, त्यातल्या पावणेपाचशे म्हणाल्या आडवी. दुसऱ्या कुठल्याही निवडणुकीत हा दणदणीत विजय ठरला असता, मिरवणूक निघाली असती. इथे बाटली उभीच राहते. ज्या चारशे घरी बसल्या त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या खात्यात जमा. आळसाला असा राजयोग भारतीय लोकशाहीत दुसरीकडे कुठे नाही.

"मग आमचं चांगलंच चाललंय की," असं काही जण मनात म्हणाले असतील. ऐकू आलं. पण उभी कोणती बाटली राहिली, ते बघा. पत्र्याचं शेड, अंधारी खिडकी, उन्हात तापलेले क्रेट, दुकानाच्या मागेच मुतारी आणि समोर शाळेतून घरी जाणाऱ्या मुली. तुम्हाला हवी असलेली थंड, ताजी, नीट ठेवलेली बिअर आणि बसायला बरी जागा या मतपत्रिकेवर नव्हतीच. तिथे दोनच चित्रं होती. तिसरं चित्र काढून घ्यायचं असेल, तर मतदानाच्या आधीच्या सभांना जावं लागतं. आणखी एक. मतदान फक्त महिलांचं असेल तर पुरुष बिअरप्रेमीला तिथे मतच नाही. त्याच्या बायकोला आहे, आईला आहे. आपल्या छंदाबद्दल त्या दोघींचं मत काय आहे, हे त्याने कधी विचारलंय? पिंट हातात धरणाऱ्या बायकाही आता कमी नाहीत. त्यांना मतही आहे. त्यांनीही कधी सभेत तोंड उघडल्याचं ऐकिवात नाही.

आडव्या बाटलीवाल्या बायकांची टिंगल करायची फॅशन शहरी टेबलांवर आहे, ती मला पटत नाही. त्या कामावरची रोजी बुडवून सह्या गोळा करतात. सह्यांच्या पडताळणीला पुन्हा हजर राहतात. नवऱ्याची पगाराच्या दिवशीची चाल त्यांना ओळखता येते. ती कुठल्या हॉप्सची होती, याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. त्यांचा राग खरा आहे, अनुभवातून आलेला आहे आणि मुख्य म्हणजे तो ठरल्या वेळी ठरल्या जागी हजर असतो. तुमचं प्रेम गैरहजर असतं. लोकशाहीत हजर राग गैरहजर प्रेमाला हरवतो, त्यात अन्याय कसला?

आणि गावाने तुमचं काय पाहिलंय? जुलैत भातलावणी चालू असते. आंबेमोहर, इंद्रायणी. गुडघाभर चिखलात उतरून बाया रोपं लावतात. रस्त्याकडेच्या खाचरात आदल्या रविवारी कुणीतरी गाडीतून बाटली भिरकावलेली असते. चिखलात काच दिसत नाही, पायाला लागल्यावरच कळते. ताम्हिणीच्या धबधब्याखाली, धरणाच्या काठाला, माळावर, सगळीकडे तेच. ग्रामसभेत दारूचा विषय निघतो तेव्हा बिअरप्रेमींचा प्रतिनिधी म्हणून ती फुटलेली बाटलीच उपस्थित असते. तिची बाजू ती फार परिणामकारक मांडते. जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी धरणामागे एक कुटुंब वाहून गेलं, त्यानंतर पुणे जिल्हाधिकाऱ्यांनी मावळ-मुळशीसह पर्यटनस्थळांवर मनाईचे आदेश काढले. त्यात मद्य नेणं आणि पिणं दोन्ही आलं. तेव्हा 'आमच्या वीकेंडवर घाला' म्हणून किती गळे काढले गेले! त्या आदेशाआधी पावसाळ्याच्या नियोजनावर एकाने तरी तहसीलदारांना चार ओळी लिहिल्या होत्या का?

लिहायला विषय नव्हता असंही नाही. तामिळनाडूत नीलगिरीच्या डोंगरात हाच त्रास होता. काचा माणसांच्या पायात जायच्या, हत्तींच्याही. मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातलं आणि २०२२ पासून तिथे बाटलीमागे दहा रुपये जादा घ्यायचे, रिकामी परत आणली की दहा परत द्यायचे, अशी योजना सुरू झाली. मुळशीत हे का होऊ नये? गावातल्या पोरांनी पडलेल्या बाटल्या गोळा करून सुट्टीतला खर्च काढला असता. पिरंगुटपासून ताम्हिणीपर्यंतच्या बिअर शॉपींना ही अट घाला, असा ठराव एखाद्या ग्रामसभेत मांडायला सगळ्यात शोभणारा माणूस कोण? दारूबंदीवाला नव्हे, बिअरवाला. त्याने मांडला तर गाव आधी चकित होईल, मग थोडं संशयाने बघेल, मग बहुधा टाळ्या वाजवेल. कुणी सांगावं, पुढच्या सभेला थंड बिअरचंही ऐकून घेईल.

दुसरा विषय परतीचा. रात्री या बाजूला ना बस धड मिळते ना रिक्षा. पिऊन गाडी चालवू नका, असं पोस्टर लावून खातं मोकळं होतं. रिसॉर्टवर राहायची सोय नसेल आणि चालकाची व्यवस्था नसेल तर परवान्याला अट घाला, हे कुणी म्हणायचं? मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्श गाडीने दोघांचा जीव घेतला, त्यानंतर पुण्यात बारचे परवाने धडाधड निलंबित झाले. संतापाच्या भरात निघालेला आदेश चांगला बार आणि भिकार बार असा भेद करत नाही. भेद करायला लावणारी माणसं शांततेच्या दिवसांत बोलायला हवी होती.

नियम एका फटक्यात कसा फिरतो, हे मुळशीच्या रस्त्यांनी पाहिलं आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं. अंमल एप्रिल २०१७ पासून. आदल्याच दिवशी, ३१ मार्चला, वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आलं. जुलैत पालिका हद्दीला सूट मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये विकसित झालेल्या ग्रामपंचायतींचा निर्णय राज्यांवर सोडला. चौदा महिन्यांत चार वेळा रेघ सरकली. आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच, की तुमचा बार पालिकेत येतो की ग्रामपंचायतीत? बावधन बुद्रुक, सूस, म्हाळुंगे तेव्हा पालिकेबाहेर. ती २०२१ मध्ये पुण्यात गेली. हिंजवडी, माण अजूनही ग्रामपंचायतीच. मोजपट्टी घेऊन मालक धावले, वकील धावले. पिणारे गुगल नकाशावर दुसरा बार शोधत होते.

हिंजवडीवरून आठवलं. मार्च २०२५ मध्ये विधानसभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी जाहीर केलं, की नोंदणीकृत सोसायटीच्या आवारात दारूचं किंवा बिअरचं दुकान काढायचं तर सोसायटीची ना-हरकत लागेल. पिंपरी-चिंचवडच्या आमदारांनी प्रश्न लावून धरला होता. आता ही तर तुमच्या घरातली ग्रामसभा झाली. लिफ्टने खाली उतरायचं की सभा. पण सोसायटीच्या वार्षिक सभेला पार्किंगवर भांडायला जितकी माणसं येतात, त्याच्या निम्मीसुद्धा पुढच्या विषयाला थांबत नाहीत. मग ना-हरकत देणं न देणं ठरवतात ते सातव्या मजल्यावरचे निवृत्त काका. ते काका दूध पितात, बिअर नाही. ठरवायला हरकत नाही त्यांनी, ते थांबले होते.

निवेदनांना कोण विचारतं, असा एक शहाणपणाचा सूर असतो. चंद्रपूरला विचारा. १ एप्रिल २०१५ पासून तिथे दारूबंदी होती. रमानाथ झा समितीने आढावा घेतला, मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने बंदी उठवली. तेव्हा सरकारने जे आकडे पुढे केले त्यात बंदी उठवा म्हणणारी निवेदनं अडीच लाखांहून अधिक होती आणि ठेवा म्हणणारी त्याहून कितीतरी कमी. निर्णय बरोबर की चूक, यावर चंद्रपुरात आजही भांडण आहे आणि शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी अजून टिकून आहे. पण मंत्रिमंडळाच्या हातात कागदांचा ढीग होता, हे खरं. त्याआधी बंदी आली तीही बायकांनी पायी मोर्चे काढले म्हणून. दोन्ही वेळा कुणीतरी घराबाहेर पडलं होतं.

वाइनचंही तेच. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत, हजार चौरस फुटांच्या पुढच्या, वाइन विकायला मंत्रिमंडळाने हो म्हटलं. अण्णा हजारे उपोषणाला निघाले, विरोधी पक्षाने महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होतंय म्हणून गजर केला. मग सरकारने मसुद्यावर लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या. पुढे सरकारच बदललं आणि बाटली कपाटात चढली नाही. हरकती ज्यांना होत्या त्यांनी लिहिल्या. सूचना ज्यांना होत्या ते नाशिकला वायनरीच्या सहलीला गेले होते.

इंग्रजांची उदाहरणं द्यायची मला सवय नाही, पण इथे एक द्यावंच लागतं. १९७१ साली चार तरुण बिअरच्या दर्जावर वैतागले आणि त्यांनी पिणाऱ्यांचीच संघटना काढली. कॅम्रा. कंपन्यांची नव्हे, पबमालकांची नव्हे, गिऱ्हाइकांची. आज तिचे सदस्य लाखाच्या पुढे आहेत. करावर बोलतात, पब बंद होऊ नये म्हणून नगरपालिकेपुढे उभे राहतात, मापात कमी भरलं तर भांडतात. पिंपातून ओतलेल्या बिअरवर बाटलीपेक्षा कमी कर हवा, हे त्यांनी लावून धरलं आणि ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनमध्ये तसा दर आला. आपल्याकडे गिऱ्हाइकांची संघटना म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा गट आणि त्यातला ठराव म्हणजे "शनिवारी कुणाकडे?"

मुळशीत उभं राहून थंड बिअर मागताना थोडं जपून. या खोऱ्यातली जमीन धरणासाठी घेतली तेव्हा, १९२१ मध्ये, सेनापती बापटांबरोबर माणसं आडवी झाली, तुरुंगात गेली आणि तरी पाणी चढलंच. त्या पाण्याची वीज मुंबईला गेली. नंतर आयटी पार्क आला, लवासा आली, फार्महाउसं आली. दरवेळी गावाला सांगण्यात आलं, विचारण्यात आलं नाही. तेव्हा त्या सभेत तुम्ही पहिल्यांदा उभे राहाल, तर कुणी हार घेऊन येणार नाही. एखादी आजी विचारेल, "तू कुणाचा रे?" या प्रश्नाला उत्तर तयार ठेवा.

आणि उत्तर देता येण्यासाठी नाव मतदार यादीत लागतं. इथेच बहुतेकांची दांडी उडते. माणला भाड्याने राहता, पण नाव लातूरच्या यादीत. कोळवणला बंगला, घरपट्टी भरता, पण मत कोथरूडला. फार्महाउसच्या नामफलकाला ग्रामसभेत मत नसतं. इथे राहत असाल तर यादीत पत्ता बदलून घ्या, अर्ज घरबसल्या भरता येतो. नुसते शनिवार-रविवारचे पाहुणे असाल, तर राजपत्रात मसुदा निघेल तेव्हा हरकत-सूचना पाठवा. तिला गाव लागत नाही, भारताचा नागरिक असलेला पुरतो. घाई असली की सरकारला ही पायरी गाळता येते, तेव्हा वेळेत लक्ष ठेवा.

सभेचा कोरम फार मोठा नाही. गावातले पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतला कमी आकडा. तोही भरत नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. म्हणजे पंचवीस माणसं गावाचा ठराव करू शकतात. तुमच्या एका फार्महाउसवर शनिवारी याहून जास्त असतात.

अर्ज साध्या कागदावर चालतो. सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या नावे, विषय एका ओळीत, मागण्या दोन: बाटलीमागे दहा रुपये अनामत आणि परवाना देताना जागा, फ्रीज आणि परतीची सोय पाहण्याची अट. बिअरच्या चवीवर परिच्छेद लिहू नका, ते तिथे कुणी वाचणार नाही. आवक-जावकला नोंद करून पोच घ्या. सही शुद्धीत असताना करा. नाहीच जमलं तर अंगठाही चालतो.